पुरलेले नाणे आणि गंजलेला खिळा

लहानपणी सुटीत आजोळी गेलो, की आम्हा मुलांचा मुक्काम गावाबाहेरच्या एका पडक्या वाड्यात असे. वाडा म्हणायचे इतकेच. उरले होते ते दगडी जोते, अर्धी कमान आणि एक चिंचेचे झाड. एका पावसाळ्यात जोत्याजवळची माती खचली आणि तीत मला एक हिरवी चकती दिसली. घरी आणून चिंच, मीठ आणि राख लावून मी ती तासभर घासली. तांब्याची शिवराई निघाली! लखलखीत झाली खरी, पण तिच्यावरच्या अक्षरांतले 'श्री' तेवढे शिल्लक राहिले. बाकीची अक्षरे माझ्या घासण्यात गेली.

पुढे कॉलेजात असताना ती शिवराई मी जुन्या नाण्यांच्या एका जाणकार गृहस्थांना दाखवली. त्यांनी आधी ती हातातही घेतली नाही. विचारले, "कुठे सापडली? जोत्याच्या आत की बाहेर? किती खोल? शेजारी आणखी काय होते?" एकाही प्रश्नाचे धड उत्तर मला देता आले नाही. शेजारी चार-सहा गंजके खिळे होते, एवढे मात्र आठवत होते. ते मी ओढ्यात फेकून दिले होते.

"मग तेच आणायचे होते," ते म्हणाले.

मला तेव्हा राग आला होता. पण त्या गृहस्थांचे म्हणणे किती खरे होते, ते मला अमेरिकेतल्या एका जुन्या मळ्याची हकिकत वाचली तेव्हा कळले. ती हकिकत सांगण्यापूर्वी एका यंत्राची ओळख करून घ्यायला हवी. जमिनीतले नाणे दिसायला आता पावसाने माती खचण्याची वाट पाहावी लागत नाही. काठीच्या टोकाला थाळी बसवावी तसे दिसणारे धातुशोधक यंत्र जमिनीवरून फिरवले, की कानाला लावलेल्या श्रवणयंत्रात 'टूं' असा आवाज येतो. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हजारो हौशी लोक सुटीच्या दिवशी हे यंत्र घेऊन निघतात. जिथे पूर्वी घर होते आणि आता नुसते गवत आहे, अशा जागा त्यांना फार प्रिय असतात.

राष्ट्राध्यक्षाच्या पाठीतली गोळी

या यंत्राचा जन्म मात्र नाण्यांसाठी झाला नाही. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी पाठीतून आत शिरली आणि अंगातच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. गोळी कुठे आहे ते कळावे म्हणून डॉक्टर जखमेत बोटे आणि सळ्या घालून पाहत होते. त्या काळी हात निर्जंतुक करण्याची सवयही सगळ्या डॉक्टरांना नव्हती!

टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे ऐकून पुढे आला. तारेची दोन वेटोळी अशी जुळवायची, की एकातील विद्युतप्रवाहाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम बरोबर शून्य व्हावा. मग जवळ धातू आला, की हा समतोल बिघडतो आणि टेलिफोनच्या श्रवणयंत्रात आवाज उमटतो. अशी रचना डेव्हिड ह्यूज या शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये केली होती. बेलने ती सुधारली आणि अंगात जुन्या गोळ्या राहिलेल्या माजी सैनिकांवर तपासूनही पाहिली. यंत्र चालत होते.

२६ जुलैला आणि पुन्हा १ ऑगस्टला बेलने हे यंत्र गारफील्ड यांच्या अंगावरून फिरवले. पण आवाज कुठे एका जागी स्पष्ट येईना. नंतर कळले, की राष्ट्राध्यक्ष ज्या गादीवर झोपले होते तिच्यात पोलादी तारा होत्या. शिवाय गोळी उजव्या बाजूलाच आहे अशी मुख्य डॉक्टरांची खात्री असल्यामुळे बेलला उजवीच बाजू तपासू देण्यात आली. १९ सप्टेंबरला गारफील्ड मरण पावले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला सापडली.

यंत्र फक्त 'इथे धातू आहे' एवढेच सांगते. कोणता धातू, कशाचा, तिथे का, हे त्याला विचारून उपयोग नाही. गोळी आणि गादीची तार या दोन्हींना ते एकच उत्तर देते.

पुढे १९३० नंतर गेरहार्ड फिशर या जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या अभियंत्याने हातात धरून फिरवता येईल असे यंत्र विकायला आणले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचा सैनिकी अभियंता युझेफ कोसात्स्की याने जमिनीत पेरलेले सुरुंग शोधणारे यंत्र तयार केले. १९४२ मध्ये इजिप्तमधील अल् अलामेनच्या लढाईत वाळूतले सुरुंग हुडकण्यासाठी ते वापरले गेले. युद्ध संपल्यावर अशी यंत्रे बाजारात स्वस्तात आली आणि नाणीशोधकांचा छंद सुरू झाला.

यंत्राला नाणे 'दिसते' कसे?

तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जाड, सपाट पट्टी तिरकी धरा आणि तिच्यावरून एक लहान पण शक्तिशाली नियोडिमियमचे चुंबक घसरू द्या. (हे चुंबक धाकट्या भावंडांच्या हाती देऊ नका. पोटात गेले तर फार वाईट.) तांबे काही चुंबकाला चिकटत नाही. तरीही चुंबक झर्रकन खाली न येता रेंगाळत, जणू मधातून वाट काढत खाली येते. याचे कारण असे, की सरकणाऱ्या चुंबकामुळे पट्टीतले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्या बदलामुळे धातूच्या अंगात पाण्यातल्या भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विद्युतप्रवाह सुरू होतात. यांना भोवराप्रवाह म्हणतात. हे प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात आणि ते मूळ बदलाला विरोध करते. पाठ्यपुस्तकातला लेंझचा नियम तो हाच.

धातुशोधकात चुंबक सरकवण्याऐवजी थाळीतल्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात. त्याची दिशा एका सेकंदात काही हजार वेळा बदलते. त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पुरलेल्या नाण्यात भोवराप्रवाह फिरू लागतात आणि नाणे चिमुकले 'उत्तर' देते. थाळीतले दुसरे वेटोळे ते उत्तर ऐकते.

हे उत्तर किती क्षीण असते पाहा. वेटोळ्यापासून पुरेसे लांब गेल्यावर त्याचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. म्हणजे अंतर दुप्पट झाले, की क्षेत्र एक अष्टमांश. नाण्याचे उत्तर परत येताना पुन्हा त्याच नियमाने एक अष्टमांश होते. आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्ट! अंतर दुप्पट, तर आवाज चौसष्टपट क्षीण. म्हणूनच एकटे नाणे साधारण वीतभर खोलीपर्यंतच नेहमीच्या यंत्राला सापडते. सिनेमातला नायक पुरुषभर खोल पुरलेला एकच मोहरा यंत्राने शोधतो, ते विसरून जा.

आता नाणे आणि खिळा यांतला भेद. चांदी आणि तांबे विजेचे उत्तम वाहक आहेत. त्यांच्यात एकदा सुरू झालेला भोवराप्रवाह लवकर मरत नाही, त्यामुळे त्यांचे उत्तर थोडे मागे रेंगाळते. पातळ पत्र्यात तो चटकन विझतो. वर्गात गुरुजींच्या मागोमाग पाढा म्हणताना काही मुले लगेच म्हणतात, काही जरा मागून. डोळे मिटूनही आपण त्यांना ओळखतो, तसेच हे. लोखंडाची तऱ्हा आणखी निराळी, कारण ते स्वतःच त्या क्षेत्रात चुंबक बनते. हा फरक मोजून यंत्र 'हे लोखंड असावे', 'हे चांदी असावी' असा अंदाज करते. अंदाजच! शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी पुष्कळदा सोन्याच्या अंगठीसारखा आवाज देते आणि या कडीला शिव्या न दिलेला नाणीशोधक जगात नसावा.

मातीही त्रास देते. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइटच्या जातीचे चुंबकीय कण असतात, कोकणच्या जांभ्यात लोहाची ऑक्साइडे असतात. अशा जमिनीवर यंत्र मातीलाच धातू समजून कुरकुरते. मग त्याला आधी त्या जमिनीची सवय लावावी लागते, म्हणजे मातीचे उत्तर मोजून वजा करावे लागते.

जिथे घर होते

आता अमेरिकेतल्या त्या जुन्या घरांकडे वळू. घर पडून शंभर-दोनशे वर्षे झाली तरी तिथे नाणी का सापडतात? माणसाच्या हातून नाणी सांडतात म्हणून. पायऱ्यांपाशी, विहिरीकडच्या वाटेवर, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, सावलीच्या झाडाखाली. नाण्याबरोबर गुंड्या, चमचे, बकला, घोड्याच्या सामानाचे तुकडेही सांडतात. गंमत म्हणजे व्हर्जिनियासारख्या जुन्या वसाहतीत स्पॅनिश चांदीची नाणीही सापडतात. अमेरिकेची स्वतःची टाकसाळ १७९२ च्या कायद्याने सुरू झाली तरी नाणी पुरत नव्हती आणि स्पॅनिश चांदीचे नाणे १८५७ पर्यंत तिथे कायद्याने चालत होते. सुट्टे हवे असेल तर लोक ते छिन्नीने तोडून त्याचे तुकडे वापरत.

यातून एक इशारा मिळतो. घराच्या जमिनीत १७८२ साल कोरलेले नाणे सापडले, तर ते घर १७८२ चे, असे म्हणता येईल का? मुळीच नाही. ते नाणे १७८२ पूर्वी तिथे पडलेले नाही, एवढेच नक्की. ते पन्नास-साठ वर्षे लोकांच्या खिशातून फिरून मग पडले असेल.

नाणीशोधक जुन्या घराच्या जागी गेला, की पहिली गोष्ट कोणती करतो? यंत्राची कळ फिरवून लोखंडाचा आवाज बंद करतो! कारण अशा जागी खिळे खंडीभर असतात. प्रत्येक खिळ्यासाठी वाकून खणत बसले तर दिवस संपेल आणि चांदीचा एक तुकडाही मिळायचा नाही. त्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. पण ज्याला घर शोधायचे आहे त्याने काय करावे?

माँटपेलियरचे जंगल

व्हर्जिनियातील माँटपेलियर हा अमेरिकेचे चौथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांचा मळा. अमेरिकेच्या राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून मॅडिसन यांचे नाव घेतले जाते. त्यांचा विटांचा प्रशस्त वाडा आजही उभा आहे. पण या मळ्यात राबणारे शंभराच्या आसपास गुलाम स्त्री-पुरुष आणि मुले कुठे राहत होती? १८३६ मध्ये मॅडिसन वारले, १८४४ मध्ये त्यांच्या पत्नीने मळा विकला. शेतात राबणाऱ्या गुलामांची घरे लाकडी ओंडक्यांची, जमीन मातीची, धुरांडे काटक्या आणि चिखलाचे. दगडी पायाच नाही. घरे कुजली, त्यांच्यावर जंगल वाढले. जमिनीवर पाहायला काहीही उरले नाही. या माणसांनी स्वतः लिहिलेले कागदही फारसे नाहीत, कारण त्यांना लिहायला शिकू देत नसत.

तिथल्या पुरातत्त्वज्ञांनी २०१२ पासून एक निराळी वाट धरली. ज्यांच्याकडे बहुतेक पुरातत्त्वज्ञ तोपर्यंत संशयानेच पाहत, त्या हौशी नाणीशोधकांनाच त्यांनी कामाला बोलावले. अट एकच. यंत्रावरची लोखंडाची बंदी उठवायची. जंगलात दोऱ्या आणि खुंट्यांनी चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीतून थाळी फिरवायची, आवाज आला की तिथे खूण करायची आणि खुणा मोजायच्या. सगळे खणायचे नाही. आवाजांचे आकडे नकाशावर मांडले, की काही चौकटी रिकाम्या, तर काही गच्च भरलेल्या दिसतात. गच्च जागी मोजके उकरून पाहायचे. निघतात ते बहुधा खिळे. आणि जिथे हाताने घडवलेल्या खिळ्यांचा पुंजका, तिथे घर!

'हाताने घडवलेल्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. अठराव्या शतकापर्यंत लोहार एकेक खिळा ठोकून घडवत असे. त्याचे अंग चौकोनी असून चारही बाजूंनी निमुळते होत जाते आणि डोक्यावर हातोडीच्या घावांचे पैलू असतात. १७९० नंतरच्या दशकांत लोखंडाच्या पट्टीतून यंत्राने कापलेले खिळे आले. ते दोनच बाजूंनी निमुळते असतात, उरलेल्या दोन बाजू समांतर. आज आपण वापरतो तो तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र पसरला. म्हणजे खिळ्याचा नुसता आकार पाहून घराचा काळ ढोबळपणे सांगता येतो. नाण्यावर साल कोरलेले असूनही ते फसवते आणि खिळ्यावर काही कोरलेले नसूनही तो बोलतो.

तो आणखीही बोलतो. ओंडके खाचांत अडकवून बांधलेल्या घराला खिळे थोडे लागतात, चौकटीवर फळ्या ठोकलेल्या घराला पुष्कळ. तेव्हा खिळ्यांच्या संख्येवरून घराची जात कळते. जळालेल्या घरातले खिळे आगीत तापल्यामुळे त्यांच्यावर राखाडी काळपट कवच चढते आणि ते कमी गंजतात. तसे खिळे निघाले, तर घर आगीत गेले असावे. आणि खिळ्याचे टोक काटकोनात वळवलेले असेल तर? दोन फळ्यांतून आरपार गेलेला खिळा पलीकडे वाकवून ठोकला, की तो निसटत नाही. पूर्वी दारे अशीच करत. डोक्यापासून वाकणापर्यंतचे अंतर म्हणजे दाराची जाडी! घर कुजून गेले, दार कुजून गेले. पण दार किती जाड होते ते पट्टीने मोजून सांगता येते.

हे खिळे करत कोण? मॅडिसन यांचे स्नेही आणि तिसरे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन यांचा माँटिचेलो हा मळा होता. तिथे जेफर्सन यांनी १७९४ मध्ये खिळ्यांचा कारखाना काढला. त्यात काम करत ती दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुले. तुमच्याच वयाची. सकाळी प्रत्येकाला लोखंडाच्या सळ्या तोलून दिल्या जात, संध्याकाळी तयार खिळे तोलून घेतले जात आणि कोणी किती लोखंड वाया घालवले त्याची नोंद जेफर्सन स्वतः वहीत ठेवत. 'सर्व माणसे समान आहेत' असे जाहीरनाम्यात लिहिणारा हाच हात, हे माझ्या मनातून जात नाही.

भोक पडलेले नाणे

नाण्याला काही किंमतच नाही, असे मात्र समजू नका. दक्षिण अमेरिकी संस्थानांतील गुलामांच्या घरांच्या जागी अनेक ठिकाणी भोक पाडलेली चांदीची नाणी सापडली आहेत. संग्राहकांच्या बाजारात भोक पडलेले नाणे म्हणजे खराब माल. पण गुलामगिरीतून सुटलेल्या वृद्धांच्या आठवणी १९३० नंतरच्या दशकात लिहून घेण्यात आल्या, त्यांत असे नाणे दोऱ्यात ओवून गळ्यात किंवा घोट्यावर बांधल्याचे उल्लेख येतात. आजारपण आणि करणी यांपासून रक्षण व्हावे म्हणून. आपल्याकडेही लहान मुलाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला तांब्याचा पैसा आजीने दाखवला असेल.

आता विचार करा. हेच नाणे कुणी रात्री येऊन चोरून खणून नेले आणि दुकानात विकले, तर ते काय उरले? भोक पडलेले एक स्वस्त नाणे. पण ते कोणत्या घराच्या मातीच्या जमिनीत, चुलीपासून किती हातांवर, कोणत्या खिळ्यांच्या आणि खापरांच्या सोबतीने सापडले हे लिहून ठेवले असेल, तर ज्या आईचे नावही कुठे लिहिलेले नाही तिची काळजी आपल्यापर्यंत पोचते. जमिनीतून वस्तू एकदा निघाली, की तिचा शेजार पुन्हा मांडता येत नाही. प्रयोगशाळेत प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. इथे तशी सोय नाही.

हातोडी शोधता शोधता

याच संदर्भात इंग्लंडमधील एका माळ्याची हकिकत सांगण्यासारखी आहे. हे नाणीशोधक एरिक लॉज. निवृत्तीच्या वेळी मिळालेले धातुशोधक यंत्र त्यांच्याकडे होते. सफकमधील हॉक्सन गावच्या पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली, म्हणून १६ नोव्हेंबर १९९२ रोजी ते ती शोधायला गेले. यंत्र जोरात वाजू लागले. उकरून पाहतात तो चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणीच नाणी! दोन पिशव्या भरल्यावर लॉज यांनी जे केले ते मला सोन्यापेक्षा मोलाचे वाटते. त्यांनी खणणे थांबवले. खड्डा तसाच ठेवून दोघांनी अधिकाऱ्यांना कळवले आणि दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ येऊन पोचले.

नाणी निघाली १४,८६५. त्यांपैकी ५६९ सोन्याची, २४ काशाची आणि बाकी सगळी चांदीची. रोमन साम्राज्याच्या शेवटच्या काळातली. सर्वांत अलीकडची नाणी इसवी सन ४०७-४०८ ची, म्हणजे ठेवा त्यानंतर पुरला गेला. चांदीच्या बहुतेक नाण्यांच्या कडा कुणीतरी कातरून चांदी काढून घेतलेली! पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तळाशी न हललेल्या मातीत कुजलेल्या ओकच्या पेटीच्या खुणा, आतल्या लहान डब्यांची चिमुकली कुलुपे, लोकरीच्या कापडाचे आणि गवताचे अवशेष मिळाले. घाईने फेकलेली ही लूट नव्हती. कुणीतरी एकेक वस्तू गुंडाळून, नीट रचून, कुलूप लावून ठेवली होती आणि परत येता आले नाही. लॉज यांनी उत्साहाच्या भरात तिसरी पिशवी भरली असती, तर हे कधीच कळले नसते. या ठेव्यात मिरपूड ठेवायच्या चांदीच्या चार सुंदर कुप्या आहेत. त्यांत जी मिरी भरायची ती येई आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून.

दोघांनी मिळून वाटून घेतले ते बक्षीस साडेसतरा लाख पौंडांचे होते. व्हॉटलिंग यांची हातोडीही सापडली, आणि तीसुद्धा आज ब्रिटिश म्युझियमकडे आहे!

या प्रसंगानंतर चार वर्षांनी, १९९६ मध्ये, इंग्लंडने ठेव्यांबाबतचा जुना कायदा बदलला. अमेरिकेत सरकारी जमिनीतून शंभर वर्षांवरील जुनी वस्तू परवान्याशिवाय काढण्यास १९७९ च्या कायद्याने बंदी आहे.

आपल्या पांढरीत

आपल्याकडे जुन्या वस्तीच्या जागेला शेतकरी 'पांढरी' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडलेल्या भिंती यांमुळे तिथली माती फिकी होते. शेताची ती 'काळी'. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात अशी पांढरीची टेकाडे कितीतरी आहेत. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी क्षत्रप राजा नहपानाची होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकला होता. सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केला याचा हा चांदीतला पुरावा. ही नाणी सोनाराच्या मुशीत न जाता एकत्र अभ्यासली गेली, म्हणूनच तो मिळाला. सुटे एक नाणे पाहून 'छाप चुकून दोनदा पडला' असेच कुणीही म्हटले असते.

तेव्हा नांगरताना, पाया खणताना असे काही दिसले तर काय करावे? १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा ज्याला सापडेल त्याने तो कुठे, केव्हा आणि काय सापडला ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. लपवणे हा गुन्हा आहे. ठेव्याला धनी निघाला नाही, तर शोधणाऱ्याच्या हक्काचीही तरतूद त्या कायद्यात आहे. किल्ले, लेणी आणि संरक्षित टेकाडे यांवर यंत्र घेऊन खणायला जाणे तर सरळ बेकायदा. शोधणारे तुम्ही असाल, तर वस्तू जागची हलवू नका, घासू तर मुळीच नका. शेजारी फूटपट्टी ठेवून छायाचित्र घ्या आणि गुरुजींना सांगा. चिंच आमटीत घाला.

पण पुरलेले घर शोधण्याची मजा घ्यायला ना परवाना लागतो, ना महाग यंत्र. शाळेच्या अंगणात एक मीटर लांब-रुंद चौरस आखून त्यात वाळू पसरा. मित्राला एकट्यालाच तिथे सोडा. त्याने मनात एका घराचा नकाशा धरून, भिंतींच्या रेषेवर शंभर-दीडशे लहान लोखंडी खिळे बोटाच्या पेराइतके खोल पुरावेत. काही इकडेतिकडेही टाकावेत, कारण खऱ्या जागी नांगराने खिळे पसरलेले असतात. एक रुपयाचे नाणेही कुठेतरी दडवू द्या. हल्लीचे ते नाणे पोलादाचे असल्याने चुंबकाला चिकटते. दार जिथे असेल तिथले चार-पाच खिळे मात्र त्याने पकडीने वाकवून पुरायचे.

मग वाळूवर दोऱ्या ताणून दहा-दहा सेंटिमीटरच्या शंभर चौकटी करा. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून प्रत्येक चौकटीतून सारख्याच वेळा फिरवा. निघालेले खिळे मोजून आकडा आलेख-कागदावरच्या त्याच चौकटीत लिहा आणि तीनपेक्षा मोठा आकडा असेल ती चौकट पेन्सिलीने काळी करा. नाणे आधी कुणाला सापडते यावर वर्गात आरडाओरडा होणारच, होऊ द्या. वाकडे खिळे निघालेल्या चौकटीला लाल खूण करून कागद मित्रापुढे ठेवा, आणि त्याने पुरलेल्या घराचे दार कोणत्या दिशेला होते ते त्याला तुम्ही सांगा.